न मोजता लिहिलेले २०

तुझी पोस्ट दोनदा वाचली. वाशीच्या वॉर्डात रात्री दोघीच नर्स, ३२ पेशंट, मिनिटाला किती श्वास ते मोजायला वेळ मिळाला नाही म्हणून तू चार्टवरचे ते रकाने मोकळे सोडलेस आणि सकाळी हातात मेमो आला. सिनियर म्हणाली, "२० लिहून मोकळं व्हायचं, सगळ्या तेच करतात." तू विचारतेस, यात माझं काय चुकलं? काही नाही चुकलं. हे मी ठामपणे सांगते, कारण ते २० मी स्वतः लिहिलेलं आहे.

टीपीआर-बीपी, म्हणजे ताप, नाडी, श्वास आणि रक्तदाब, कसं घ्यायचं ते तुला येतं, त्यात शिरत नाही. मी नर्स आहे, डॉक्टर नाही, आणि तुमच्याकडचा प्रोटोकॉल तुमच्यासाठी शेवटचा, हेही आधीच सांगते.

२०११ चा ऑगस्ट. ठाण्यातलं एक खाजगी हॉस्पिटल, नाव घेणार नाही. मेल मेडिकल, म्हणजे पुरुषांचा वॉर्ड, डेंग्यूने भरलेला, पॅसेजमध्येही खाटा टाकलेल्या. कळव्याचा २६ वर्षांचा मुलगा, तापाचा पाचवा दिवस. संध्याकाळी ६ ला ताप १०१, नाडी ९६, बीपी ११०/७८. रात्री १० ला ताप ९९, नाडी १०८, बीपी १०४/८०. रात्री २ ला ताप ९८.२, नाडी ११८, बीपी १००/८४, सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) ९५. श्वासाच्या रकान्यात तिन्ही वेळा २०. पहिलं २० संध्याकाळच्या सिस्टरचं, पुढची दोन माझी. मी तिचं बघून उतरवलं होतं.

दोनच्या राउंडला त्याची आई म्हणाली, "सिस्टर, याला धाप लागल्यासारखी वाटत नाही का हो?" मी म्हटलं, "काकू, ताप उतरलाय. आता त्याला झोपू द्या." तो पोट दुखतं म्हणत होता, तर आरएमओंना, म्हणजे ड्युटीवरच्या डॉक्टरांना, फोनवर विचारून ॲसिडिटीचं इंजेक्शन दिलं. संध्याकाळपासून त्याला लघवी झाली नव्हती, तेही मी विचारलं नाही. पहाटे पाचला गेले तेव्हा हातपाय गार पडलेले, मनगटाला नाडी लागेना. आयसीयूत नेल्यावर तिथल्या सिस्टरने श्वास मोजला तो ३२ भरला. एक्स-रेत उजव्या छातीत पाणी. सहा दिवस आत होता. वाचला. पण त्याच्या आईचा तो प्रश्न आणि मी दिलेलं उत्तर अजून माझ्या कानात आहे.

आता ते आकडे पुन्हा वाच. डेंग्यूत ताप उतरायला लागतो त्याच सुमारास, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, काही पेशंटच्या रक्तवाहिन्यांतून प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग, बाहेर झिरपायला लागतो. छातीतलं पाणी ते हेच. शरीर वाहिन्या आवळून वरचं बीपी सावरून धरतं, त्यामुळे खालचं चढतं. दोन आकड्यांतलं अंतर बघ: ३२, मग २४, मग १६. हे अंतर २० किंवा त्याखाली आलं की पेशंट शॉकमध्ये चाललाय, म्हणजे अवयवांना पुरेसं रक्त पोचत नाहीये, असं समजायचं, वरचं बीपी १०० दिसत असलं तरी. सोबत पोटदुखी, उलट्या, बेचैनी, लघवी कमी, हातपाय गार, यातलं काही असेल तर सकाळची वाट बघायची नाही. मी मात्र फक्त "ताप उतरला" एवढंच वाचलं, कारण ओव्हर देताना, म्हणजे ड्युटी बदलताना पेशंट सोपवताना, आम्ही तेवढंच बोलायचो.

पुढे न्यूज स्कोअर शिकले: नाडी, श्वास, बीपी अशा प्रत्येक आकड्याला गुण देऊन पेशंट बिघडतोय का ते आधीच ओळखायची पद्धत. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने तो २०१२ मध्ये आणला, २०१७ मध्ये सुधारला. एक दिवस त्या रात्रीचे २ वाजताचे आकडे घेऊन बसले. नाडी ११८ चे २, बीपी १०० चे २, सॅच्युरेशन ९५ चा १. श्वास २० धरला तर शून्य, एकूण ५. श्वास २५ जरी असता तरी त्याचे एकट्याचे ३, म्हणजे एकूण ८. स्कोअर पाच झाला तरी डॉक्टरांना तातडीने बोलवायचं असतंच, सात किंवा त्याच्या पुढे तर इमर्जन्सी. माझ्या एका खोट्या आकड्याने आठाचे पाच झाले असणार. आणि लक्षात ठेव, या स्कोअरमध्ये वरचंच बीपी धरतात, दोन आकड्यांतलं अंतर नाही. ते आपल्यालाच बघावं लागतं.

मला सगळ्यात जास्त राग आहे तो फायली तपासणाऱ्या त्या विभागावर. दर महिन्याला फायली जायच्या. रिकाम्या रकान्याभोवती लाल गोल, लगेच मेमो. पण ३० पेशंटच्या ३० चार्टवर दिवसरात्र २०-२०-२० असेल, त्याबद्दल एक अक्षर नाही! धावून आलेला, ऑपरेशनचा, दम्याचा, सगळे विसानेच श्वास घेतात असं कुणाला खरं वाटेल? या मुलाची फाइल तपासली तेव्हा "चार्टिंग पूर्ण आहे" म्हणून ती बंद केली. मी नर्सिंग ऑफिसात जाऊन सांगितलं की ते आकडे मोजलेले नाहीत. उत्तर मिळालं, "हे लेखी देऊ नका." मी दिलं नाही. माझी मोठी चूक म्हणशील तर ही. २० लिहिलं ती एका रात्रीची चूक, पण तोंड बंद ठेवलं म्हणून पुढची कित्येक वर्षं तिथे २० लिहिलं जात राहिलं.

श्वासाचं असं आहे की तो आपल्याशिवाय कुणी मोजत नाही. चाकांवरचं बीपी मशीन नाडी दाखवतं, श्वास नाही. मॉनिटर दाखवतो, पण छातीवर चिकटवलेल्या लीड्सवरून, म्हणजे वायरींवरून. पेशंट हलला, खोकला की तो आकडा चुकतो. म्हणून नाडी बघून झाल्यावर मनगट सोडू नकोस, काही बोलू नकोस, तसंच धरून छातीकडे बघ. मोजतोय हे कळलं की माणूस श्वास बदलतो. चादर जाड असेल तर त्याचाच हात त्याच्या पोटावर ठेव. पूर्ण मिनिट. १५ सेकंद मोजून चारने गुणलं की १६, २०, २४ असे चारच्या पटीतलेच आकडे येतात, मधलं काही दिसतच नाही. सेकंदकाटा असलेलं साधं घड्याळ घे, वॉर्डात मोबाइल काढला की बोलणी बसतात.

३२ जणांचं पूर्ण मिनिट रात्री दोघींना जमणार नाही, हे मला माहीत आहे. माझं मत, पटलं तर घे: ताप नुकताच उतरलेला, आजचं ऑपरेशन, ऑक्सिजनवरचा, नवीन ॲडमिशन, आणि ज्याच्या नातेवाइकाला काहीतरी वेगळं वाटतंय, यांचं पूर्ण मिनिट. बाकीच्यांचं अर्धं मिनिट, दुप्पट करून. आणि जे मोजलं नाही ते लिहायचं नाही.

जाता जाता एक. श्रावणात बायकांच्या बोटांवर मेंदी असते, कधी हात गार असतात, मग सॅच्युरेशन कधी कधी उगाच कमी दिसतं. बोट बदलून, हात चोळून पुन्हा घे. आणि जाड दंडाला छोटा कफ (बीपी मशीनचा पट्टा) बांधून आलेल्या १५० वर विश्वास ठेवू नकोस, तो बीपी वाढवूनच दाखवतो. मोठा कफ स्टोअरमधून लेखी मागून घे.

मेमोला उत्तर दे, पण भांडणाच्या भाषेत नको. त्या रात्री पेशंट किती, स्टाफ किती, किती ॲडमिशन झाल्या, आणि "श्वसन मोजता आले नाही, म्हणून नोंद केली नाही" हे वाक्य जसंच्या तसं. खाली तारीख, सही, एका प्रतीवर पोच. ती प्रत घरी ठेव. मसुदा मला पाठव. उद्या माझी मॉर्निंग आहे, दुपारी तीननंतर नेरूळला घरी पोचले की वाचून कळवते.