पहिली खरेदी ठशांची असावी

प्रिय स्नेही,

सप्रेम आशीर्वाद.

लंडनच्या लिलावात उत्तम बांधणीच्या पुस्तकावर पहिली बोली लावण्याआधी काय शिकावे, असे तू विचारलेस. माझे सांगणे असे, की पुस्तकाआधी बांधणीकाराची हत्यारे घे. कातड्यावर नक्षी उठवायचे लाकडी मुठीचे जुने पितळी ठसे पुष्कळदा अनेक नगांच्या एकाच लॉटमध्ये विकले जातात. कुणावर पान, कुणावर फूल, कुणावर नुसते टिंब किंवा कमानदार रेघ असते. असा ठसा घेताना त्याचे तोंड भिंगाखाली पाहा. कडा बोथट झालेल्या असल्या किंवा कुणी हौसेने घासून चकाकी आणलेली असली, तर तो सोडून दे, कारण घासण्यात कोरीव कामाची धार जाते.

मग बकरीच्या कातड्याच्या तुकड्यावर तो चालवून बघ. कोमट ठशाने आधी सोन्याशिवाय नुसता कोरा उठाव घ्यायचा, त्यात अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा हात द्यायचा, तो सुकला की तेलाचा पुसट हात फिरवून सोन्याचा वर्ख ठेवायचा आणि तापवलेला ठसा पुन्हा नेमका त्याच खाचेत बसवायचा. ठसा जास्त तापला तर कातडे करपते, कमी तापला तर वर्ख धरत नाही. हे दहा वेळा फसल्यावर तुला बांधणी वाचता येऊ लागेल. हाताने उठवलेल्या नक्षीत एकच पान शंभरदा आले तरी एखादे केसभर तिरके असते, एखादे किंचित खोल. यंत्राने एका दाबात उठवलेल्या नक्षीत हा श्वास नसतो.

टी. जे. कॉब्डेन-सँडरसन यांचे उदाहरण घे. त्यांनी वकिली सोडून ही कला हाती घेतली आणि 1893 मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ भागात डव्ह्ज बाइंडरी ही बांधणीची कार्यशाळा काढली. त्याआधीच्या पुस्तकांवरची नक्षी त्यांच्या स्वतःच्या हातची आहे. त्यानंतर आखणी त्यांची आणि हात कारागिरांचा. बाइंडरीच्या पुस्तकात मागच्या पुठ्ठ्याच्या आत मुडपलेल्या कातड्यावर तिचे नाव आणि सालाचे पहिले दोन व शेवटचे दोन अंक यांच्या मध्ये त्यांची आद्याक्षरे सापडतात. तेवढी कड वाचली, की आपण कुणाच्या हातच्या कामासाठी बोली लावणार आहोत ते कळते.

नक्षीइतकेच सांधे महत्त्वाचे. पुठ्ठा पाठीला जिथे मिळतो तिथे कातडे सर्वांत आधी चिरते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले पुष्कळ कातडे तर बोट लावताच लाल भुकटी होऊन झडते. ही तक्रार इतकी वाढली होती, की लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने 1900 मध्ये बांधणीच्या कातड्याची चौकशी करण्यासाठी समिती नेमली. मी एकदा केवळ छायाचित्र पाहून बोली लावली. पाठीला नवे कातडे लावून जुनी पाठ त्यावर चिकटवली आहे, म्हणजे पुस्तक दुरुस्त केलेले आहे, हे कॅटलॉगमध्ये स्पष्ट लिहिले होते, पण त्या शब्दांचे वजन मला तेव्हा ठाऊक नव्हते. दोष माझाच होता, आणि ते पुस्तक मी अजून विकलेले नाही. तेव्हापासून पुस्तक हातात घेतल्याशिवाय मी बोली लावत नाही. जाणे शक्य नसेल तर सांध्यांची स्वतंत्र छायाचित्रे आणि लेखी अहवाल मागवतो.

कलावंतांच्या पुस्तकांत, म्हणजे चित्रकारांनी कलाकृती म्हणून काढलेल्या पुस्तकांत, आवृत्ती आधी पाहावी. अमेरिकन चित्रकार एड रुशे यांचे पेट्रोल पंपांच्या छायाचित्रांचे पुस्तक 1963 मध्ये क्रमांक घातलेल्या 400 प्रतींत निघाले, तर 1969 च्या आवृत्तीच्या 3000 प्रती होत्या. रूप जवळजवळ तेच असले तरी किमतीत मोठे अंतर पडते.

पैशांबद्दल एवढेच, की हातोडा पडतो ती रक्कम अखेरची नसते. समजा बोली 800 पौंडांवर थांबली आणि लिलावगृहाचा खरेदीदाराकडून घ्यायचा आकार 25 टक्के असला, तर 1000 पौंड लागतील, शिवाय वाहतूक वेगळी. मर्यादा घरी बसून, सगळे धरून ठरव आणि कागदावर लिही.

लिलावाआधी पुस्तके बघायला ठेवतात, त्या पुढच्या पाहणीला माझ्याबरोबर ये. भिंग आणि पेन्सिल आण, शाईचे पेन नको, आणि हात धुऊन पूर्ण कोरडे कर. पहिले पुस्तक मी उघडणार नाही. त्याचे सांधे तूच तपासून मला सांग.

तुझ्या खरेदीची वाट पाहणारा,
एक जुना संग्राहक