सीमेवर फसणारे विसरण समीकरण

प्रश्न : न्यूट्रॉनचे परिवहन समीकरण, म्हणजे पदार्थातून न्यूट्रॉन कोणत्या दिशेने किती जातात हे सांगणारे समीकरण, रेषीय आहे, मग ते सोडवणे इतके अवघड का? विसरणाचे (डिफ्यूजनचे) सोपे समीकरण का पुरत नाही?

उत्तर : रेषीयतेमुळे दोन उत्तरांची बेरीज हेही उत्तर ठरते, हे खरे, परंतु अणुकेंद्रावर आदळलेला न्यूट्रॉन कोणत्याही दिशेला उडू शकत असल्याने प्रत्येक दिशेचा प्रवाह इतर सर्व दिशांशी बांधला जातो. विसरण समीकरण दिशेचा हा तपशील जवळजवळ गाळून टाकते. म्हणून ते पदार्थाच्या खोल भागात उत्तम चालते आणि सीमेवर, जिथून बाहेर पडलेले काहीच परतत नाही, तिथे फसते. खगोलभौतिकशास्त्रज्ञ मिल्न यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रश्नात, म्हणजे शोषण नसलेल्या आणि सर्व दिशांना सारखेच प्रकीर्णन करणाऱ्या (कण विखुरणाऱ्या) अर्ध-अनंत, म्हणजे एका बाजूला सीमा आणि दुसरीकडे अमर्याद असलेल्या, माध्यमात, आतील न्यूट्रॉन-घनतेची सरळ रेषा पुढे वाढवली तर ती सीमेपलीकडे ०.७१०४ सरासरी मुक्तपथावर (मुक्तपथ म्हणजे दोन टकरींमधले अंतर) शून्याला पोहोचते. विसरण समीकरणाने हेच अंतर ०.६६६७ येते.

इथे मला विविक्त दिशांची पद्धत विशेष प्रिय वाटते. भौतिकशास्त्रज्ञ विक यांनी १९४३ मध्ये मांडलेली ही पद्धत सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी ताऱ्यांच्या वातावरणातील प्रकाशासाठी फुलवली. तीत कोनावरील समाकलाऐवजी गणितज्ञ गाऊसच्या नियमाने निवडलेल्या मोजक्या दिशांवरील भारित बेरीज घेतात. मिल्नच्या प्रश्नात दोन दिशांनी ०.५७७ मिळते, विसरणाहूनही वाईट. पण चार दिशा घेताच उत्तर ०.६९४ वर येते.