वाचकांचे प्रश्न : चाकांचं नंतर, आधी कप्लर बघा

प्रश्न : नमस्कार काका. आम्ही ह्यूस्टनजवळ केटीला राहतो. मागच्या वर्षी २१ फुटी बे-बोट सेकंडहँड घेतली, सोबत दोन ॲक्सलचा ट्रेलर आला, सर्ज ब्रेकवाला (ट्रेलर पुढे रेटला की आपोआप लागणारा), फक्त पुढच्या ॲक्सलला ड्रम ब्रेक आहेत. महिन्यातून दोनतीनदा गॅल्व्हेस्टन बेला जातो, कधीतरी लेक कॉनरोला. परवा एक ड्रम असा जाम झाला की चाक फिरेचना, घरासमोर टायरचा काळा पट्टा उमटला. ठोकून ठोकून ड्रम काढला तर आत स्प्रिंगच्या जागी नुसता गंजाचा चुरा. आता डिस्क ब्रेक लावून टाकू म्हणतोय, किट बघून ठेवलंय, व्हिडिओत तर एका दुपारचं काम म्हणून दाखवतात. खरंच तेवढंच आहे का? आणि बाबा मालवणहून आलेत, ते विचारतात होडीला ब्रेक कशाला? त्यांना काय सांगू?

उत्तर : बाबांना सांगा, होडीला नाहीच लागत, पण आय-४५ हायवेवर पुढचा ट्रक अचानक थांबला की तीच होडी मागून आपल्या मानगुटीवर बसायला येते, तेव्हा लागतो. तुमचं वजन नुसतं तोंडी मोजा, बोट, इंजिन, ट्रेलर, टाकीत ५० गॅलन पेट्रोल असेल तर तेच ३०० पाउंड झालं, वर बर्फाचा कूलर, अँकर, सगळं मिळून साडेचार हजार पाउंड कधी होतात कळत नाही. टेक्सासमध्ये ४,५०० पाउंडांच्या वर ट्रेलरला ब्रेक कायद्यानेच लागतो, फ्लोरिडात तर ३,००० च्या वरच लागतो. एकदा ट्रक स्टॉपच्या काट्यावर भरल्या बोटीसकट वजन करून घ्या, फार पैसे पडत नाहीत, आणि आकडा बघून बहुतेक सगळे गप्प होतात.

ड्रम का मेला ते सरळ आहे. हायवेवरून तापून आलेला ड्रम रॅम्पवर थेट खाऱ्या पाण्यात बुडतो, पाणी आत शिरतं, घरी येऊन होजने कितीही धुवा, ते धुणं बाहेरून, आतलं मीठ आतच. स्प्रिंगा बारीक तारेच्या, त्या आधी जातात, मग शू, म्हणजे ड्रमला आतून घासणारा पट्टा, मागे येत नाही, व्हील सिलिंडर अडकतो आणि तुमच्यासारखा काळा पट्टा. डिस्कचं सगळं उघड्यावर असतं, बोट वर काढली की पाणी मारलं, झालं. पॅड किती उरलं ते चाकातून डोकावून दिसतं, शू ॲडजस्ट करत बसायची भानगड नाही. खाऱ्या पाण्यात नेहमी जाणाऱ्याने डिस्कच लावावी, त्यात मला तरी शंका नाही.

पण एका दुपारचं काम म्हणणारे लोक फक्त चाकाकडचं दाखवतात हो. ते खरंच सोपं आहे. तुमचा ॲक्सल ३,५०० पाउंडांचा असेल तर आतल्या बाजूला ४ बोल्टचा चौकोनी फ्लँज दिसेल, ड्रमची बॅकिंग प्लेट त्यावरच बसलेली असते, ती काढायची आणि तिथे कॅलिपरचा, म्हणजे डिस्कला पॅडने चिमटणाऱ्या भागाचा, ब्रॅकेट लावायचा. मागच्या ॲक्सलला मात्र ब्रेकच नव्हता ना, मग तिथे फ्लँज आहे का ते किट मागवायच्या आधी खाली झोपून बघा, नसेल तर वेल्डिंग नाहीतर ॲक्सलच नवा. डिस्क दोन प्रकारची मिळते, एक जुन्या हबवर (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) स्टडमधून, म्हणजे चाकाचे नट बसतात त्या बोल्टांवरून, सरकवायची, दुसरी हबसकट एकसंध. मी दुसरी घेतो, कारण तुमचा जुना हबही त्याच खाऱ्या पाण्यात बुडत आलाय आणि सरकवायच्या डिस्कची जाडी मध्ये आली की स्टड आखूड पडू शकतात. हबसकट घेताना बेअरिंग बघून घ्या, या ॲक्सलला बहुतेक वेळा आतलं एल-६८१४९ आणि बाहेरचं एल-४४६४९ असतं, पण बहुतेक वेळा म्हणजे नेहमी नाही, स्पिंडल व्हर्नियरने मोजा. चाकं १३ इंची असतील तर कॅलिपर रिमला घासायची दाट शक्यता आहे, १४ इंची असतील तर सहसा निभावतं. किट स्टेनलेसचं की कोटिंगवालं असं लोक फार विचारतात. गॅल्व्हेस्टनला महिन्यातून तीनदा जाणार असाल तर निदान कॅलिपर तरी स्टेनलेसचे घ्या, पैसे बरेच जास्त जातील, पण एकदाच जातील.

आता खरं काम, ते कप्लरपाशी, म्हणजे ट्रेलरचा गाडीला अडकवायचा पुढचा भाग. सर्ज ब्रेकला गाडीतल्या पेडलवरून काही येत नाही, गाडी हळू झाली की ट्रेलर पुढे रेटतो, कप्लरचा सरकता भाग आत जातो आणि त्याच्या मागचा मास्टर सिलिंडर ऑइल ढकलतो. तुमचा मास्टर सिलिंडर ड्रमसाठीचा आहे. त्यात एक छोटा व्हॉल्व असतो, तो लाइनमध्ये थोडं प्रेशर कायम धरून ठेवतो, म्हणजे शू ड्रमच्या जवळ राहतात. ड्रमला ते बरं, पण डिस्कला तेच प्रेशर मिळालं की पॅड सतत घासत राहतात, हब तापतो, ग्रीस पातळ होऊन बाहेर येतं आणि माणूस म्हणतो डिस्कचं किटच खराब. शिवाय डिस्कला ड्रमपेक्षा जास्त प्रेशर लागतं. ट्रेलरवर इलेक्ट्रिक मोटरने ऑइल ढकलणारी युनिटं मिळतात, त्यांचं वेगवेगळं रेटिंगच असतं, ड्रमसाठी १,००० पीएसआय आणि डिस्कसाठी १,६००. तेव्हा जुन्या कप्लरशी जुगाड करत बसू नका, डिस्कचा म्हणून विकतात तोच ॲक्च्युएटर (सरकता कप्लर आणि मास्टर सिलिंडर मिळून) घ्या, दोन्ही ॲक्सलला ब्रेक लावणार असाल तर तेवढ्या वजनाचा घ्या.

आणि रिव्हर्स! इथे सगळे फसतात. ट्रेलरच्या ड्रममध्ये अशी रचना असते की चाक उलटं फिरलं की शू सुटतात, म्हणून रॅम्पवर मागे घालताना तुम्हाला कधी काही जाणवलं नाही. डिस्कला पुढे काय मागे काय, दोन्हीकडे सारखीच पकड. गाडी मागे रेटते, कप्लर दाबला जातो, ब्रेक लागतो, आणि तुम्ही रॅम्पवर अडकता, मागे शनिवारची सकाळची रांग. म्हणून ॲक्च्युएटरला एक सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारा व्हॉल्व, असतो, रिव्हर्स लाइटच्या वायरवरून त्याला करंट मिळाला की तो ऑइलचा रस्ता बंद करतो. तुमचा ४ पिनचा प्लग असेल तर तो ५ पिनचा करावा लागेल, ती पाचवी निळी वायर म्हणजे रिव्हर्स. सगळं बरोबर जोडूनही एक गोष्ट होते, उतारावर थांबताना कप्लर आधीच दाबला गेलेला असतो आणि तसंच रिव्हर्स टाकलं की सोलेनॉइड तेच प्रेशर आत कोंडून ठेवतो, चाकं जाम. अशा वेळी गाडी फूटभर पुढे घ्यायची, कप्लर मोकळा झाला की मग रिव्हर्स. एवढंच, पण कोणी सांगत नाही.

लोखंडी पाइप असतील तर तेही आत्ताच काढा, आतून बाहेरून गंजलेले असणार. कॉपर-निकेलचे पाइप हाताने वळतात, फ्लेअरही (जोडासाठी टोक पसरवणं) सहज होतो, स्टेनलेस टिकाऊ पण घरी फ्लेअर करायला जीव काढतो, म्हणून ते तयार मापाचे मागवा. ब्रेक ऑइल डॉट ३ चं, ते पाणी ओढून घेतं म्हणून बाटली फोडली की लगेच वापरा, नव्याचा उकळबिंदू निदान २०५ अंश सेल्सिअस असतो, पाणी शिरलं की १४० पर्यंत येऊ शकतो. सिलिकॉनचं डॉट ५ त्यात मिसळू नका.

हवा काढताना आधी मास्टर सिलिंडरची, मग सगळ्यात लांबच्या चाकाची, म्हणजे मागच्या ॲक्सलची, आणि टाकीतलं ऑइल तळाला जाऊ द्यायचं नाही नाहीतर पहिल्यापासून. आमच्या पहिल्या ट्रेलरला मी अख्खी संध्याकाळ आणि दोन बाटल्या घालवल्या तरी हवा संपेना, शेवटी बायकोने टॉर्च धरून विचारलं की हा छोटा नट दुसऱ्या ट्रेलरला वर असतो आणि आपल्याला खाली का आहे. डावा-उजवा कॅलिपर उलटा लावला होता मी! ब्लीडरचा, म्हणजे हवा काढायचा, नट वरच आला पाहिजे, खाली असेल तर हवा वरच्या बाजूला बसून राहते, कितीही पंप करा. नंतर मोकळ्या पार्किंगमध्ये हळू वेगात थांबून बघा, मग दहा मैल चालवून चारही हबचं तापमान लांबून मोजणाऱ्या थर्मामीटरने बघा, एकच चाक जास्त तापलं असेल तर तिथे पॅड घासतंय. आणि चाकांचे नट पहिल्या फेरीनंतर टॉर्क रेंचने परत बघा.

थोडक्यात तुमची दुपार नाही, अख्खा वीकेंड धरा, आणि बाबांना टॉर्च धरायला घ्या.

प्रश्न : आमचा ट्रेलर मी टॅम्पाच्या एका दुकानातून डिस्कचा करून घेतला. माझ्या गाडीला मस्त चालतो, रिव्हर्सही होतं. पण मेव्हण्याच्या पिकअपला ७ पिनचा प्लग आहे, तिथे ॲडॉप्टर लावून जोडला की ब्रेक लागतच नाही, ट्रेलर नुसता ढकलतो. दुकानवाला म्हणतो आमच्याकडे चालत होता. दोघंही खरं कसं बोलतोय?

उत्तर : बोलू शकता, कारण मला वाटतं चूक ॲडॉप्टरच्या वायरिंगमध्ये आहे, आणि ही फार वाईट चूक आहे म्हणून आधी तो पिकअप जोडणं थांबवा. ५ पिनच्या प्लगमध्ये निळी वायर रिव्हर्सची, पण ७ पिनच्या प्लगमध्ये निळी वायर इलेक्ट्रिक ब्रेकची असते आणि रिव्हर्स मधल्या पिनवर येतं. कोणीतरी निळ्याला निळी जोडली. आता पिकअपमध्ये ब्रेक कंट्रोलर (ट्रेलरच्या इलेक्ट्रिक ब्रेकला करंट देणारा) असेल तर मेव्हण्याने ब्रेक दाबला की त्याच वायरने सोलेनॉइडला करंट जातो, सोलेनॉइडला वाटतं आपण रिव्हर्समध्ये आहोत, तो ऑइल अडवतो. म्हणजे नेमकं ब्रेक दाबताना ट्रेलरचा ब्रेक बंद! बघायची पद्धत सोपी आहे, पिकअप जागेवर उभा, मेव्हणा ब्रेक दाबेल, तुम्ही कप्लरपाशी कान लावा. टक् असा आवाज आला तर हेच आहे. सोलेनॉइडची वायर मधल्या पिनवर न्या, मग ब्रेक दाबला तर टक् नको आणि रिव्हर्स टाकलं तरच टक् यायला हवा.

प्रश्न : आम्ही मिनेसोटात, बोट फक्त गोड्या पाण्यात जाते, ड्रम १२ वर्षं जुने आहेत पण चालतात. सगळे म्हणतात डिस्क कर. करू का?

उत्तर : नको. ड्रम उघडून साफ करा, शू ॲडजस्ट करा, व्हील सिलिंडर ओला दिसला तर बॅकिंग प्लेटसकट तयार असेंब्ली मिळते ती बदला, फ्लश करायची सोय असलेली घेतलीत तर आणखी चांगलं. उरलेल्या पैशात टायर बघा, तेही १२ वर्षांचे असतील तर मला ब्रेकपेक्षा त्यांची काळजी जास्त वाटते. टायरच्या साइडवॉलवर DOT अक्षरांनी सुरू होणाऱ्या नंबरचे शेवटचे चार आकडे वाचा, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे.