यूएसबी हब घेताय? आधी हे बघा

यूएसबी हब म्हणजे लॅपटॉपच्या एका पोर्टचे अनेक पोर्ट करून देणारी डबी. त्यात पोर्ट किती ते नंतर मोजा; आधी काय काय जोडणार ते टेबलावर मांडा. कीबोर्ड, माउस, पेनड्राइव्ह एवढंच असेल तर साधा हब पुरतो. पोर्टेबल हार्ड डिस्क असेल तर मात्र स्वतःचा वीज-अडॅप्टर असलेलाच हब घ्या. लॅपटॉपच्या यूएसबी ३.० पोर्टकडून साधारण ९०० मिलिअँपिअर करंट धरायचा, तोही हबला जोडलेल्या सगळ्यांत मिळून. माझी डिस्क कॉपी चालू असताना टक्‌टक् करून गायब व्हायची. वीज पुरत नव्हती, आणि महिनाभर मी डिस्कलाच शिव्या घातल्या!

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- हबला हब जोडणं
- निळ्या (यूएसबी ३.०) पोर्टला खेटून वायरलेस माउसचा डोंगल (छोटा रिसीव्हर) खोचणं; पॉइंटर अडखळायला लागतो

हबवरून मॉनिटर चालवायच्या भानगडीत सध्या पडू नका. चार पोर्टचा घ्या आणि लागा कामाला.