स्वसंरक्षणासाठी चाकू जवळ बाळगण्याची मुभा असावी का?

रात्रपाळीहून एकट्याने परतणाऱ्या माणसाला खिशात चाकू ठेवू द्यावा का, असे आपण विचारले आहे. देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे आणि ते माझ्या धाकट्या भावाच्या उजव्या हाताकडे पाहून बनलेले आहे.

2009 साली तो बेळगावच्या उद्यमबागेत टर्नर, म्हणजे लेथ यंत्रावरचा कारागीर होता. दुसरी पाळी सुटली की पिरनवाडीवरून मच्छ्याला सायकलने येत असे. रस्त्यात लुबाडणूक होते, असे कानावर आल्यावर आमच्या थोरल्या काकांनी पॉवर हॅक्सॉच्या, म्हणजे धातू कापायच्या यांत्रिक करवतीच्या, मोडक्या पात्याला ग्राइंडरवर धार लावून, मुठीला चिंध्या आणि टेप गुंडाळून त्याला एक चाकू करून दिला. ‘हत्यार दिसलं की समोरचा दोन पावलं मागं सरतो,’ असे ते म्हणाले. मी त्याच वेळी विरोध केला. मला भित्रा ठरवण्यात आले.

पगाराच्या रात्री दोघांनी सायकल अडवली. खिशात 3,200 रुपये होते. भावाने चाकू काढला, पण समोरचा मागे सरला नाही, त्याने मनगटच धरले. झटापटीत भावाने वार केला, टोक कमरेच्या पट्ट्याच्या बकलावर अडले आणि घामेजलेला हात मुठीवरून घसरून सरळ पात्यावर गेला. तलवारीला बोटे अडवायला परज असते, ती या घरगुती चाकूला कुठली असणार? त्याच्या दोन बोटांच्या शिरा त्याच्याच हाताच्या जोराने तुटल्या. पैसे गेले ते गेलेच. शस्त्रक्रिया होऊनही ती बोटे आजतागायत पुरती मिटत नाहीत आणि टर्नरचे काम तर तेव्हाच सुटले.

त्या झटापटीत समोरच्या एकाच्या दंडाला जखम झाली होती, त्यामुळे भावावरही गुन्हा नोंदला गेला. जबाब कन्नडमध्ये लिहिलेला होता. भाऊ कन्नड बोलतो, पण त्याला ते वाचता येत नाही. वकिलाने वाचून दाखवल्यावर कळले, की हत्यार प्रथम याने काढले, असे त्यात आहे, आणि ते खरेच होते. सुटका होईपर्यंत चार वर्षे तारखांना जाण्यात गेली.

काका अजूनही म्हणतात, की पाते लांब असते तर हे घडले नसते. त्यांना आणि आपल्यालाही सांगतो: शस्त्र नियम, 2016 मध्ये नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू हत्यारांच्या वर्गात धरले आहेत, घरकामाची आणि शेतीची अवजारे त्यातून वगळली आहेत. म्हणजे काकांना हवे आहे तसले पाते आज वेगळाच गुन्हा अंगाशी आणू शकते. त्याहून आखूड पाते असले म्हणून वार करण्याची मोकळीक मिळते, असेही नाही. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत स्वसंरक्षणाचा हक्क कलम 34 ते 44 मध्ये आहे. पण बचावाला लागेल त्याहून अधिक इजा करता येत नाही आणि सरकारी यंत्रणेकडे धाव घेण्याइतका वेळ असेल तर तो हक्क उरत नाही. शिवाय आपल्या भागात 1 नोव्हेंबरसारख्या, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाच्या आणि मराठी भाषकांच्या काळ्या दिनाच्या, दिवशी जमावबंदीचा आदेश निघाला आणि त्यात शस्त्रबंदी असली, तर तपासणीत सापडलेला चाकू स्वसंरक्षणासाठी आहे हे नाक्यावरच्या पोलिसाला पटवणे किती अवघड जाईल, याचा विचार करावा.

खानापूरच्या रानात जाणाऱ्याच्या कमरेचा कोयता किंवा शिखांचे कृपाण यांविषयी मी बोलत नाही. पहिले कामाचे अवजार आहे आणि दुसऱ्याला संविधानाच्या कलम 25 चा आधार आहे. एकट्या स्त्रीवर हल्ला झाला आणि तिने हाती येईल त्या वस्तूने प्रतिकार केला, तर मी तिच्याच बाजूने उभा राहीन. मात्र रोज चाकू घेऊन निघणे निराळे. आपण पाळीतल्या दोघातिघांसोबत निघावे, पगार बँकेत घ्यावा, 112 हा क्रमांक हाताशी ठेवावा आणि कोणी अडवलेच तर पैसे देऊन टाकावेत. काका याला शेपूट घालणे म्हणतात. भावाच्या शस्त्रक्रियेला आणि वकिलाला 3,200 च्या कितीतरी पट रक्कम लागली, ती मी माझ्या पगारातून फेडली आहे, आणि त्यातला एक रुपयाही काकांनी दिलेला नाही.