मागे १८० चा टायर लावू का? घरी बांधलेल्या ट्रॅक बाइकसाठी चाकं आणि टायर

आधी प्रश्न थोडक्यात, मधूनच वाचायला येणाऱ्यांसाठी. कोल्हापूरचा इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी ३९० सीसीचं सिंगल सिलिंडर इंजिन घेऊन सीडीएस (बिनजोड पोलादी) पाइपची फ्रेम स्वतः बांधतोय. गाडी रस्त्यावर येणार नाही, फक्त ट्रॅकवर पळणार, आणि पहिलं लक्ष्य कोइमतूरचा कारी मोटर स्पीडवे. त्याला भंगारात एका ६०० सीसी गाडीची चाकं मिळालीत, पुढे ३.५० इंची आणि मागे ५.५० इंची रिम. त्यावर १२०/७० आणि १८०/५५ टायर (पहिला आकडा मिलिमीटरमधली रुंदी, दुसरा म्हणजे साइडवॉलची, टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची रुंदीच्या किती टक्के) घालून त्या मापाने स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा हात) करायचा बेत आहे. नाहीतर एखाद्या फाउंड्रीतून चाकं ओतून घेऊ का, असंही विचारलंय.

तू शिकतोयस म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नकोस. १८० लावू नकोस. मागून गाडी रुबाबदार दिसते हे मान्य, पण तो रुबाब तुझं ४३ अश्वशक्तीचं इंजिन ओढणार आहे.

२०२३ च्या सप्टेंबरात ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर मोटोजीपी आली होती. मोठ्या गाड्यांबरोबर मोटोथ्रीही होती. २५० सीसी, एक सिलिंडर, साठेक अश्वशक्ती, म्हणजे तुझ्या इंजिनापेक्षा जोरदार. त्या गाड्यांची चाकं किती रुंद असतात? पुढे २.५ इंच, मागे ३.५. टायर त्या वर्षी डनलॉपचे होते, पुढे ९५/७५ आणि मागे ११५/७५. आपल्याकडे दीडशे सीसीच्या गाडीचा मागचा टायर यापेक्षा जाड असतो. तरी ती पोरं सरळ पट्ट्यात २०० च्या पुढे जातात आणि वळणात कोपर घासतात. जगातली सगळ्यात हुशार माणसं एका सिलिंडरला एवढासा टायर देतात तो काही पैसे वाचवायला नाही.

कारण समजून घे. गाडी झुकली की टायरचा जमिनीला टेकलेला भाग मधून बाजूला सरकतो. टायर जितका रुंद तितका जास्त सरकतो, आणि तो फरक भरून काढायला तेवढ्याच वेगाला, तेवढ्याच वळणात गाडी आणखी झुकवावी लागते. १५० चा १८० केलास तर ४० अंशांच्या झुकावाला साधारण एखादा अंश जास्त लागेल. ऐकायला किरकोळ वाटतं, पण फूटपेग (पाय ठेवायचा खुंटा) आधीच घासत असेल तर तो एक अंश आणायचा कुठून? शिवाय वजन. रिमच्या कडेला असलेलं १ किलो वेग घेताना जवळपास २ किलोंसारखं वागतं, कारण ते पुढेही न्यायचं असतं आणि गरागरा फिरवायचंही असतं. कारीचा ट्रॅक २ किलोमीटरच्या आसपासचा, सतत डावीकडून उजवीकडे पाडापाडी. तिथे जड मागचं चाक दर वळणाला भोवतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे एवढ्या हलक्या गाडीखाली १८० चा रेसिंग टायर पुरेसा तापतच नाही. थंड रबर म्हणजे दगड.

म्हणून क्रम उलटा कर. चाकं मिळाली म्हणून टायर, टायर बसतो म्हणून स्विंगआर्म, असं जाऊ नकोस. आधी टायर ठरव, टायर सांगेल ती रिम घे, आणि रिम हातात आल्यावरच स्विंगआर्मचा पाइप काप. फ्रेम बांधणाऱ्याला ही चैन असते, तयार गाडीवाल्याला नसते.

तुझ्यासाठी माप सरळ आहे: पुढे ११०/७०-१७, मागे १५०/६०-१७ (१७ म्हणजे रिमचा व्यास, इंचांत). केटीएमच्या आरसी ३९० ला हेच येतं, पुढे ३.०० आणि मागे ४.०० इंची रिमवर. या मापात रोजच्या टायरपासून पिरेलीच्या सुपरकोर्सापर्यंत माल मिळतो, आणि रेसच्या आदल्या संध्याकाळी टायर फाटला तर पॅडॉकमध्ये (ट्रॅकजवळ गाड्या लावून तयार करतात तिथे) कोणाकडे तरी त्याच मापाचा निघतो. विचित्र मापाचा टायर लावणारा त्या संध्याकाळी एकटा असतो. मागे १४०/७० सुद्धा चालेल, मला व्यक्तिशः हलक्या गाडीला तोच आवडतो, उंच असल्यामुळे पडायला चपळ. पण निवडताना परिघ मोज. १५०/६० ची साइडवॉल ९० मिमी, म्हणजे पूर्ण व्यास सुमारे ६१२ मिमी आणि परिघ १९२२. १४०/७० चा परिघ १९७२ च्या आसपास. फरक अडीच टक्क्यांहून जास्त. १५/४५ ची स्प्रॉकेट जोडी असेल तर मागचा एक दात सव्वादोन टक्क्यांचा असतो. म्हणजे टायर बदललास की नकळत एका दाताहून जास्त गिअरिंग बदललं. वर मागची बाजू ८ मिमीने उचलली गेली ती वेगळीच. कागदावरचा हिशोब हा. प्रत्यक्ष टायर ब्रँडगणिक थोडा इकडे-तिकडे निघतो, म्हणून हवा भरून टेपने मोज.

पुढच्या चाकाबद्दल एकच. तू ओघात १८ इंची लावलं तर, असं म्हटलंयस. ११०/७०-१७ च्या जागी ९०/९०-१८ घातलास तर अॅक्सल साधारण १७ मिमी वर जातो. रेक (फोर्क उभ्या रेषेपासून किती कललाय तो कोन) २४ अंश धरला तर नुसत्या त्रिज्येने ट्रेल (हँडल ज्या रेषेभोवती फिरतं ती जमिनीला मिळते तिथून टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर) सातेक मिमी वाढतो, आणि पुढची बाजू उचलल्यामुळे रेक मोकळा होऊन आणखी थोडा. हँडल जड लागेल आणि तू दोष फोर्कला देशील. जुन्या आरएक्स किंवा राजदूत ३५० वर गाडी बांधणाऱ्यांना १८ इंचीच घ्यावं लागतं, त्यांची फ्रेमच त्यावर आखलेली. तुझी नाही.

तुझ्याकडच्या ५.५० च्या रिमवर १५० घालू का, हा प्रश्न तू विचारला नाहीस, पण रात्री दोन वाजता डोक्यात येईल. नको. टायर ताणून चपटा होतो, बीड (रिमवर बसणारी टायरची कड) नीट बसत नाही. उलट बाजूची चूक जास्त दिसते: ४.०० च्या रिमवर जाडजूड टायर कोंबायचा. कडा आत ओढल्या जातात, मधला भाग टोकदार होतो आणि टायरच्या दोन्ही कडांचं रबर जमिनीला लागतच नाही. मग लोक चिकन स्ट्रिप (टायरच्या कडेची न घासलेली पट्टी) बघून त्या पोराला भित्रा म्हणतात. भित्रा तो नसतो, त्याचा टायर चिमटीत सापडलेला असतो.

आता ओतकामाचं. कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्यांचा हात मी पाहिलाय, पंपाची बॉडी आणि हाउसिंग अशी काढतात की बघत राहावं. तरी चाक ओतून घेऊ नकोस. चाकाला लागणारा अॅल्युमिनियमचा मिश्रधातू, आतली पोकळी शोधायला एक्स-रे, नंतरची हीट ट्रीटमेंट आणि मग आघाताची चाचणी, हे सगळं एका जोडीसाठी कोणी करणार नाही. आणि न करता दिलेलं चाक ब्रेकिंगला फुटेल की नाही हे तुला ब्रेक मारल्यावरच कळेल. आरसी किंवा ड्यूकची मूळ चाकं शोध. २०२२ च्या नव्या आरसी ३९० ला हलकी चाकं आली, चाकांनीच ३.४ किलो वाचले असा कंपनीचा दावा आहे. घेताना हब, डिस्कचा बोल्ट सर्कल आणि अॅक्सलचा व्यास मोजून घे, एकाच नावाच्या गाडीची चाकं एकमेकांना होतातच असं धरून चालू नकोस. मागच्या हबात कुश रबर कडक झालेले असतील तर बदल. सिंगलचे झटके चेनवर थेट गेले की स्प्रॉकेटचे दात लवकर खपतात.

कोणी जुनी मॅग्नेशियमची रेसिंग चाकं स्वस्तात देत असेल तर मोहात पडू नकोस. मॅग्नेशियम अॅल्युमिनियमपेक्षा तिसऱ्या हिश्श्याने हलकं, पण पेंटखाली गंजतं, आणि स्टीलचा बोल्ट जिथे बसतो तिथे आधी. घ्यायचीच तर पेंट काढून डाय पेनिट्रंट टेस्ट करून घे. लाल डाय मारायचा, पुसायचा, वर पांढरा डेव्हलपर फवारायचा. क्रॅक असेल तिथे केसासारखी लाल रेघ उमटते. भोसरी-चाकणकडे हे करून देणारे आहेत, शिरोली एमआयडीसीतही चौकशी कर.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे एवढं लांबलचक लिहायला बसलो ती. चाक दुसऱ्या गाडीचं, स्विंगआर्म तुझा, म्हणजे स्पेसर तुला टर्न करून घ्यावे लागणार. बाहेरचे दोन सगळ्यांना आठवतात. हबच्या आत, दोन बेअरिंगच्या मधे, एक नळी असते ती कोणी मोजत नाही. माझ्या पहिल्या गाडीला ती नळी मी लेथवर नवीन करून घेतली आणि ती जवळपास अर्धा मिलिमीटर आखूड निघाली. व्हर्नियरवर वाचताना चूक माझीच. अॅक्सल आवळला की बेअरिंगच्या आतल्या रिंगा त्या अर्ध्या मिलिमीटरभर आत दाबल्या जायच्या आणि गोळ्यांवर आडवा जोर यायचा. गॅरेजमध्ये हाताने फिरवलं तर चाक जरा जड वाटायचं, मी म्हटलं नवीन सील आहेत, सुटतील. तिसऱ्या सेशनला मागून घर्रर्र असा आवाज, पिटमध्ये आलो तर जळक्या ग्रीसचा वास, आणि हबला हात लावला तर चटका. बेअरिंगची आतली रिंग निळी पडली होती. नशीब की चाक वळणात लॉक झालं नाही.

तेव्हा ही परीक्षा कर. अॅक्सल ढिला ठेवून चाक फिरव. मग पूर्ण टॉर्कला आवळून पुन्हा फिरव. दोन्ही वेळा सारखंच फिरलं पाहिजे. आवळल्यावर जड झालं तर नळी आखूड आहे. शिम (पातळ चकती) टाकून काम भागवू नकोस, नवीन कर. नळी बेअरिंगच्या बैठकींमधल्या अंतराएवढी किंवा एखाद्या दशांश मिलिमीटरने लांब चालते, आखूड अजिबात नाही. उद्यमनगरात कोणीही टर्नर तासाभरात करून देईल, फक्त तू माप तीनदा घे, आणि एकदा दुसऱ्या कोणाला तरी घ्यायला लाव.

त्याच बैठकीत चाकाचा आऊट बघून टाक. फोर्कला केबल टाय बांध, टोक रिमपासून मिलिमीटरभर अंतरावर काप, चाक फिरव. टोक घासलं किंवा फट उघडझाप करताना डोळ्याला दिसली तर रिम आऊट आहे. कास्ट चाक ठोकून सरळ करून देतो म्हणणारे भेटतील, त्यांना नमस्कार करून पुढे जा. टायर आणि चेनमध्ये, टायर आणि स्विंगआर्ममध्ये दोन्हीकडे निदान ८-१० मिमी ठेव. वेगात टायर फुगतो.

कोणता टायर? पहिल्या सीझनला रेसिंग कंपाउंड घेऊ नकोस. त्याला टायर वॉर्मर लागतात, ८० अंशांपर्यंत तापवणारे, वॉर्मरला जनरेटर लागतो, आणि जनरेटरजवळ बसायला एक मित्र लागतो ज्याला दुसरं काही काम नाही. चांगला स्पोर्ट रेडियल घे, दोन लॅपमध्ये तापतो आणि सुटायच्या आधी सांगतो. ६०० वाल्यांनी काढून टाकलेले स्वस्त टायरही नकोत, ते पुन्हापुन्हा तापून-थंडावून कडक झालेले असतात. नव्या टायरवरही साइडवॉलवरचे चार आकडे वाच: २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. दुकानात तीन वर्षं उन्हात टांगलेला टायर नवीन नसतो.

हवा. कंपनीने ट्रॅकसाठी आकडा दिला असेल तर तो, नाहीतर सावलीत थंड असताना दोन्हीकडे २८ पीएसआयने सुरुवात कर. सेशन संपवून आत आलास की हेल्मेट काढायच्या आधी गेज लाव. ४ च्या आसपास चढलेलं असेल तर बरोबर. ६-७ चढलं तर बहुतेक जण हवा काढतात आणि इथेच फसतात. इतकं चढलं म्हणजे सुरुवातीला हवा कमी होती, टायर जास्त लवला आणि म्हणून जास्त तापला. पुढच्या वेळी थंड असताना एक पीएसआय वाढव. गेज स्वतःचा ठेव आणि कायम तोच वापर. तो एक पीएसआय चुकीचा दाखवत असला तरी रोज तेवढाच चुकतो, पेट्रोल पंपावरचा रोज वेगळा चुकतो. आणि व्हॉल्व्हला धातूची, आत रबर असलेली टोपी घाल. वेगात व्हॉल्व्हची सुई चाकाच्या बाहेरच्या बाजूला, म्हणजे टायरकडे, खेचली जाते आणि हवा अडवायला मग ती टोपीच असते.

मध्येच तू आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर व्हॅली रनलाही जाऊ म्हटलंयस. खुशाल जा, पण ड्रॅगसाठी (सरळ रेषेतल्या शर्यतीसाठी) मांडणी वेगळी, ती या चाकांवर करू नकोस. त्यावर निराळं बोलू.

राहिलं तुझं ५.५० चं चाक. दोन्ही चाकं ६०० वाल्या कोणाला तरी वीक, त्यात टायरची एक जोडी आणि बेअरिंगचे दोन सेट सहज निघतील. मागचं विकलं गेलं नाही तर आडवं ठेवून वर गोल काच टाक, टीपॉय छान होतो. माझ्याकडे एक आहे.