मुंबई पोलिसांच्या गैरवर्तनाची भरपाई: आकडा कुठे शोधायचा?

तुमचा प्रश्न असा: अमेरिकेतल्या शहरांत पोलिसांच्या गैरवर्तनापोटी किती भरपाई दिली याचा हिशोब निघतो, मुंबईचा आकडा कुठे मिळेल? महापालिकेकडे माहिती अधिकाराचा अर्ज टाकू का?

महापालिकेकडे नको, अर्जाचे दहा रुपये फुकट जातील. अमेरिकेत पोलीस शहराचे असतात. पोलिसांच्या हातून मेलेल्या जॉर्ज फ्लॉइडच्या कुटुंबाला 2021 मध्ये 2 कोटी 70 लाख डॉलर द्यायचं ठरलं ते मिनिॲपोलिस शहराने. आपले मुंबई पोलीस राज्याच्या गृह विभागाखाली. कुर्ल्यातल्या मारहाणीची भरपाई गडचिरोलीचा करदाताही भरतो.

मी सरकारी लेखा शाखेत नोकरी केली, म्हणून आधी अर्थसंकल्पाच्या पुस्तकांबद्दल सांगतो. पोलिसांचं मुख्य लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाच्या खात्याचा क्रमांक, 2055. त्यात 'दत्तमत' आणि 'भारित' असे दोन रकाने दिसतील. न्यायालयाच्या हुकमाने द्यायचा पैसा राज्यघटनेच्या अनुच्छेद 202 नुसार भारित असतो, म्हणजे त्यावर विधानसभेत मतदान होत नाही. भारितची बेरीज केली की काम झालं, असं वाटेल. नाही होत. त्यात पोलिसांच्या गाडीने कुणाला उडवल्याचा निवाडा येतो, एखाद्या हवालदाराने जिंकलेला सेवेतला दावाही येतो. मारहाणीचे पैसे त्यातून निवडून काढता येत नाहीत. शिवाय मानवी हक्क आयोग हे न्यायालय नव्हे. आयोग फक्त शिफारस करतो, आणि ती रक्कम दुसऱ्याच वाटेने जाते. तुरुंगातल्या मृत्यूंची भरपाईही यात मिसळू नका. कारागृहांचं लेखाशीर्ष वेगळं, 2056.

म्हणून अर्थसंकल्पातून खाली उतरू नका, निकालापासून वर चढा. ख्वाजा युनूसचं प्रकरण घ्या. घाटकोपर बॉम्बस्फोटातला हा आरोपी 2003 मध्ये पोलीस कोठडीत दगावला, आणि उच्च न्यायालयाने त्याच्या आईला एकूण 20 लाख द्यायला सांगितलं ते 2012 मध्ये. मग 2023 मधला मुंबईचा संगीत शिक्षक: गुन्हा जामीनपात्र, तरी त्याला कोठडीत ठेवलं, आणि न्यायालयाने 2 लाख द्यायला लावले. अशा निकालांची यादी करा. प्रकरण 1993 नंतरचं असेल तर निकालपत्रात 'निलाबती बेहेरा' हे नाव शोधा. हा कोठडीतल्या मृत्यूच्या भरपाईबद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा 1993 चा निकाल, बरेच निकाल त्याच्याच आधाराने दिलेले असतात.

प्रत्येक निकालामागे बहुधा एक शासन निर्णय असतो. गृह विभागाचे शासन निर्णय राज्याच्या संकेतस्थळावर आहेत, तिथे 'नुकसान भरपाई' टाकून बघा. दीड-दोन पानांचा कागद असतो. शेवटाकडे 'सदर खर्च खालील लेखाशीर्षाखाली भागविण्यात यावा' असं वाक्य येतं, खाली आकड्यांची लांब ओळ. ती उतरवून घ्या. मुंबईत कोषागार नाही, त्याऐवजी अधिदान व लेखा कार्यालय आहे. देयक (बिल) तिथे पारित होतं, आणि पैसे खरोखर निघाले का ते प्रमाणक (व्हाउचर) क्रमांकावरून कळतं.

अर्ज लिहिताना महाराष्ट्राचा नियम लक्षात ठेवा: एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. 'गेल्या दहा वर्षांची एकूण भरपाई सांगा' असं विचारलंत तर 'माहिती एकत्रित स्वरूपात उपलब्ध नाही' हे उत्तर ठरलेलं. मला तेच आलं होतं, तेही एकोणतिसाव्या दिवशी. (तीस दिवसांची मुदत पाळण्यात ही मंडळी फार काटेकोर!) पुढच्या वेळी मी याचिका क्रमांक लिहिला, शासन निर्णयाची तारीख लिहिली आणि फक्त प्रमाणकाची प्रत मागितली. दोन रुपये पानाने मिळाली.

वहीत तीन रकाने आखा: हुकूम किती, दिले किती, आणि संबंधित अधिकाऱ्याकडून वसूल किती. पहिले दोन चिकाटीने भरतात. तिसऱ्यासाठी वेगळा अर्ज करा, कारण 'संबंधितांकडून वसुलीची कार्यवाही करण्यात यावी' हे वाक्य शासन निर्णयात असलं तरी ती वसुली दुसऱ्याच टेबलावर असते: ज्या पोलीस घटकात तो अधिकारी आज नेमणुकीला आहे, तिथल्या पगार देयकात. बदली झाली असेल तर अर्ज माहिती अधिकार कायद्याच्या कलम 6(3) खाली, म्हणजे माहिती ज्याच्याकडे आहे त्या कार्यालयाकडे वर्ग होत, इकडून तिकडे फिरतो. माझा एक सध्या तिसऱ्या कार्यालयात आहे.